शेवटच्या पानाचा उजवा रकाना

प्रिय ओवी, प्रिय नील,

मेधाआत्याने केलेलं आजोबांच्या वहीचं अ‍ॅप पुढच्या आठवड्यात तुमच्या मोबाइलवर येईल. त्याआधी हे तुम्हाला सांगायलाच हवं. मी शाळेत फिजिक्स शिकवलं. चमत्काराच्या गोष्टींना आयुष्यभर हसत आले...

आजोबा इथे प्लांटमध्ये फोरमन होते. शिफ्ट संपली की पुढच्या माणसासाठी रजिस्टरात लिहून चार्ज द्यायचा, ही सवय रिटायर झाल्यावर त्यांनी घरी आणली. वहीत दोन रकाने — डावीकडे दिवसभराचं, उजवीकडे माझ्यासाठी निरोप. ‘अद्रक संपलं.’ ‘मागचा नळ टपकतो, बादली लावली.’ शेवटच्या दिवशी डावीकडे ‘सकाळी फिरून आलो’ एवढंच. दुपारी झोपेतच गेले. उजवीकडे कोरं. चार्ज न देता हा माणूस गेलाच कसा, हे मला तीन वर्षं सलत होतं.

तीच वही मेधा अ‍ॅपमध्ये उतरवत होती. जुनवानीचा तिचा फ्लॅट, दुपारचे चार, डायनिंग टेबल. मोबाइलसाठी तिने आधी सगळा डावा रकाना घेतला होता आणि निरोप सगळे शेवटी.

“आई, दोन कॉलम टाकले तर अक्षरं मुंगीएवढी होऊन राहिली.”

“मग कोणता निरोप कधीचा, हे पोरायले कसं समजंल? ज्या दिवसाचा, त्याच दिवसाखाली दे.”

“बाबा बरे होते माय, खरी फोरमन तूच!”

पण ऐकलं तिने. मोबाइलवर एकाखाली एक; टॅब्लेट आडवा धरला तर दोन रकाने शेजारी-शेजारी. तपासायला शेवटचं पान उघडून तिने टॅब्लेट आडवा केला — आणि स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

“कावून थांबली वं?”

“आई... हे तू टाइप केलं का?”

उजव्या रकान्यात होतं — ‘काही पेंडिंग नाही. चार्ज घे.’

“मी तर वही धरून तुह्यासमोर बसली आहे.”

“मी ही जागा रिकामी सोडली होती. कसम से.”

तिने टॅब्लेट उभा केला, पुन्हा आडवा केला. जागा कोरी! मग तिने अ‍ॅपच्या आतल्या सगळ्या नोंदी तपासल्या. ती ओळ कुणी कधी टाइप केल्याची खूणच नव्हती. दोघींना एकाच वेळी, एकच भास? सल मात्र गेला.

तुम्हाला ती जागा रिकामीच दिसेल. मेधाला मी तिथे काही लिहू दिलं नाही. ओळ उरलेली नाही. ती वाचलेल्या आम्ही दोघी आहोत.

— आजी