मरळीची पिल्लं आणि आमचे हे

देशाला स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती, पण आमच्या घरातल्या बापमाणसापर्यंत ते अजून पोचलं नव्हतं. स्वतःचे वडील हयात असताना त्यांच्या डोळ्यांदेखत आपलं लेकरू उचलायचं नाही, त्याला नावानं हाक मारायची नाही, असा आमच्याकडचा रिवाज. वासरू उचला, कोकरू उचला, शेजाऱ्याचं शेंबडं पोर कडेवर घेऊन गावभर हिंडा, कुणी हूं की चूं करणार नाही. आपलं उचललं की माणूस निलाजरा. आणि आमचे हे म्हणजे आज्ञाधारकपणात पहिल्या नंबरचे.

माझी मुलगी तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती. ओसरीतून आत यायचं तर पाळण्याजवळूनच वाट. हे तिथून अशी मान वळवून जायचे, की पाहणाऱ्याला वाटावं, पाळण्यात ह्यांची सासूच झोपली आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ते मात्र नातीला दिवसभर मांडीवर घेऊन बसत. आजोबाला सगळं माफ होतं.

मला राग यायचा. खोटं कशाला सांगू, चांगलाच यायचा. माझं माहेर रिठदकडचं, तिथंही हीच तऱ्हा. मी लहान असतानाच माझे वडील गेले, आणि आजोबा त्यांच्या मागं बरीच वर्षं जगले. म्हणजे वडिलांनी मला कधी हातात घेतलंच नाही. त्यांचा चेहरा आठवतो, डोक्यावरचा फेटा आठवतो, हात कसे होते ते मला ठाऊक नाही. माझ्या मुलीचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. दिवसाढवळ्या, चार माणसांत, एकदा तिला उचला. मी काही दागिना मागत नव्हते.

आमचं शेत जऊळक्याच्या टेसनापासून कोसभरावर, नाल्याच्या काठी. नाल्यात एक डोह होता, तिथंच आम्ही धुणं धुवायचो. त्या वर्षी पावसाळ्यात मरळ माशांच्या एका जोडीनं काठच्या उथळ पाण्यात संसार मांडला. दोघांनी तोंडानं गवत तोडून ताटाएवढी जागा मोकळी केली, आणि एका सकाळी त्या ताटात अंडी तरंगताना दिसली, पिवळी, ज्वारीच्या कण्यांसारखी. दोनेक दिवसांत त्यांची पिल्लं झाली. जरा मोठी झाल्यावर ती लालभडक दिसायला लागली. शेकड्यांनी एकमेकांना चिकटून पोहायची, त्यामुळं पाण्यावर तिखट सांडल्यासारखा एक लाल डाग इकडून तिकडं फिरायचा. हवा घ्यायला सगळी एकदम वर आली की तेवढंच पाणी खदखदायचं. आणि बरोबर त्यांच्या खाली एक काळा, हातभर लांब मासा. बेडकानं जवळ उडी मारायचा अवकाश, की त्याचा निकाल लागायचा.

अशा वेळी मरळ धरणं सगळ्यात सोपं. पिल्लांजवळ काहीही हललं तरी ती तोंड घालते, मग तो गळ का असेना. पण मामाजींनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, पिल्लांवरच्या मरळीला हात लावायचा नाही. एरवी मरळीच्या कालवणावर सगळ्यात आधी ताट पुढं करणारे तेच.

माझ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, ह्या माशानं आयतं प्रवचन पुरवलं. मी धुणं काढलं की त्या काठावर बसून सुरू व्हायच्या.

"पाह्य, माय कशी असते. खाली टपून बसली हाय. नाईतर तू. पोट्टी रडून राह्यली अन् तू लुगडं आपटून राह्यली."

शेजारणींच्या सुनांशी माझी तुलना व्हायची ती मी पचवली होती. आता मासोळीशीही व्हायला लागली.

बाजाराला मासळी घेऊन जाणारी एक भोईण वाटेत डोहावर पाटी उतरवून पाय धुवायची. तिनं एकदा हे प्रवचन ऐकलं आणि हसायलाच लागली.

"कायची माय घेऊन बसल्या वो आत्याबाई. थो बाप हाय."

"बाप? बाप कुठं लेकरं सांभाळते?" आत्याबाईंना ते पटेचना.

"मानसाचा नसन सांभाळत. मरळीचा सांभाळते. बाई अंडी घालून मोकळी झाली. थे आसपास चरत असन, कवा मवा येऊन पाहून जाते. हा मातर पोटाकडं पाहत नाई. पिल्लं काळी पडून पांगेस्तोवर हा पहाऱ्यावरून हटत नाई."

पाटी डोक्यावर घेऊन ती निघून गेली. माझ्या हातात मात्र तिनं शस्त्र देऊन ठेवलं.

आमच्याकडं सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नसे. लेकराशी बोलायचं आणि सासऱ्यानं ऐकायचं. बाकी रिवाज कसेही असोत, ही सोय फार चांगली होती. संध्याकाळी बापलेक जेवायला बसले तेव्हा मी पाळण्याला झोका देत मुलीला म्हणाले, "ऐकलं काय वं माय, डोहातल्या पिल्लाइले बाप हाय म्हंते. तू काहून मरळीच्या पोटी नाई आली?"

ह्यांना ठसका लागला. मामाजींनी भाकरी मोडून दुधात चुरली.

दुसऱ्या दिवसापासून मामाजी नातीला घेऊन डोहावर बसायला लागले. भोईण खोटी आहे हे त्यांना सिद्ध करायचं होतं. दुपारी जेवायला येत, पुन्हा जाऊन बसत. मी जाता-येता मुलीला विचारायची, "काय म्हंते वं डोहातला बाप? घरी गेला काय जेवाले?" मामाजी डोहाकडंच बघत राहायचे. शेवटी एकदा ते आत्याबाईंना म्हणाले, "भोईण खरं बोलते. दोन मासे हायेत. एक येते-जाते. एक हालत नाई."

आत्याबाईंनी त्या दिवसापासून माशाचा विषय काढला नाही.

मग एका दुपारी मी धुणं धूत होते. बैल घेऊन हे पाण्यावर आले होते आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांच्या पाठी चोळत होते. आपली मुलगी चार हातांवर आहे हे ह्यांना मुळीच दिसत नव्हतं. मामाजी तिला पाण्यावरचा लाल डाग दाखवत होते.

"पाह्य, पाह्य. हे लेकरं. अन् हा खाली बसला, हा त्याइचा..."

आणि त्यांनी ह्यांच्याकडं बघितलं.

"इकडं ये," म्हणाले.

हे काठावर आले.

"धर."

ह्यांनी धोतराला हात पुसले आणि मामाजींची काठी धरली.

"काठी नाई. हिले धर."

बारा मण कापसाची गाडी एकट्यानं भरणारा माणूस, पण लेकरू कसं धरायचं ते ठाऊक नव्हतं. मुलीला त्यांनी काठोकाठ भरलेल्या घागरीसारखं अंगापासून लांब धरलं. तिनं असा सूर लावला की दोन्ही बैलांनी पाणी सोडून मागं बघितलं. "बुडाखाली हात लाव. छातीशी घे," मामाजी सांगत होते. हळूहळू ती ह्यांच्या खांद्यावर मान टाकून गप झाली. मला रडू आलं. मी धुतलेलंच लुगडं पुन्हा पाण्यात बुडवलं.

आम्ही घराकडं निघालो. मामाजी पुढं, मग मुलीला घेऊन हे, मागं मी. बैल आपले आपण चालले होते. गावाच्या तोंडाशी समोरून गावातली दोन म्हातारी माणसं येताना दिसली आणि ह्यांचं अवसान गळालं. "घे वं हिले," मला हळूच म्हणाले. माझ्या डोक्यावर धुण्याचं गाठोडं होतं. एका हातानंही ते राहिलं असतं, पण मी दोन्ही हातांनी गच्च धरलं.

मग हे मामाजींच्या मागं लागले. "घ्या नं बा. लोक पाहून राह्यले."

मामाजींनी काठी पाठीमागं दोन्ही हातांत धरली होती. ते थांबले नाहीत, वळलेही नाहीत.

"पाहू दे," म्हणाले. "माया बाप मेला तवा तू बैल हाकन्याएवढा झाला होता. मंग मी कोनाले उचलू?"