सोमवार की मंगळवार

गाभाऱ्यातून समईच्या तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास आला आणि मला आई आठवली.

बाबा गेल्यावर मला कोल्हापूरला शिकायला पाठवायचं की नाही, हे थोरल्या काकांनी देवीवर सोपवलं होतं. याच देवळात गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवत होते. उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर घरी बसायचं. मी डोळे मिटून घेतले.

"गुरवानू, देवीक एकच विचारा," आई पदर खोचून म्हणाली. "उजवी पडली तर चेडवाक सोमवारी पाठवतंय, डावी पडली तर मंगळवारी."

काका उसळले. "असो कौल कोण लावता गो?"

"पाठवूचा ता मी ठरवलंय, भावजी. देवीक फक्त वार विचारतंय."

डावी पाकळी पडली. काकांच्या मनासारखा कौल लावला असता तर मी इथेच राहिले असते. मी मंगळवारी गेले. तेव्हा मला आईची लाज वाटली होती. आता कळतं, तिने काकांना आडवं यायला जागाच ठेवली नव्हती.

आज माझ्या लेकीला जहाजावर नोकरी लागलीय आणि माझे दीर मला इथे घेऊन आलेत.

"वयनी, कौल लावया," ते म्हणाले.

मी पदर खोचला. "लावया. पण काय विचारूचा ता मी सांगतलंय."