उजव्या हाताचा मोजा

आमच्या घरात डाव्या हाताला एकच काम, आणि ते काही सांगायला नको. माझी माय तर या बाबतीत फारच कडक. लहानपणी मी डाव्या हातानं पेढा घेतला तर पाहुण्यांसमोर तिनं पंजावर चापट मारली होती, पेढा थेट मोरीत. अशा बाईचा देवानं उजवाच हात नेला. दुखणं द्यायचंच होतं तर डाव्या बाजूला द्यायला काय धाड भरली होती त्याला?

वडील श्रावणात गेले आणि दिवाळी झाल्यावर मायला लकवा झाला. पाय सुधारला, बोलणंही बरंच सुधारलं. उजवा हात मात्र कोपरापासून खाली नुसता लोंबत राहिला. चिमटा काढला तरी तिला कळायचं नाही. चहाचा कप त्या हाताला टेकला, कातडी लाल झाली, आणि ही माझ्याशी गवारीच्या भाजीबद्दल बोलत बसली होती.

भाऊ इंदूरला नोकरीला. इथं लोधीपुरा मोहल्ल्यातल्या घरात आम्ही दोघीच, मी शाळेत शिकवते, लग्न केलं नाही. सकाळी सातला शाळा. त्याआधी मायला भरवायचं, कारण डाव्या हातानं खायला ती तयार नव्हती.

"अगं माय, खा ना डाव्या हातानं. कोण बघतंय इथं?"

"मी बघते की."

मला राग लवकर येतो, तो तेव्हाही यायचा. घास जरा जोरातच तिच्या तोंडात जायचा. एकदा चमचा दाताला लागला. आता वाटतं, हात जोडून माफी मागायला हवी होती त्याच सकाळी.

होळीच्या सुमारास तिचा अंगठा हलला. खरंच हलला, मी डोळ्यांनी बघितलं. मालिश करायला येणारा फिजिओथेरपिस्ट म्हणाला, "इस हाथ को काम दो, दीदी. खाली मत बैठने दो." काम द्या, रिकामा ठेवू नका म्हणे! जो हात साधा फडका धरू शकत नाही, त्याला काम काय देणार? पण मायचं सगळं आयुष्य घासण्यात गेलेलं. ओटा, पितळेची भांडी, फरशी, दारं, जे हाताखाली येईल ते. तिला काम म्हणजे तेच.

मग बाजारात मला तो हातमोजा दिसला. जाड रबरासारखा, जांभळा, तळव्यावर ब्रशसारखे बारीक दात. दुकानदार म्हणाला, यात पकडायची भानगडच नाही, हात घाला आणि घासा. मी तिथंच उभी राहून दोनदा विचारलं, पकडावं लागत नाही ना? तो हसायला लागला. त्याला काय माहीत!

घरी आणून मायच्या हातात घातला. बोटं एकेक करून सरकवावी लागली, लहान मुलाला स्वेटर घालतात तशी. मग तिनं खांद्यातून हात ढकलला आणि ओट्यावर फिरवला. फेस आला. माय हसली. वडील गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं. त्या दिवसापासून मी शाळेतून यायची तर बादल्या चकचकीत, न्हाणीघर चकचकीत, माय घामानं भिजलेली आणि खुशीत. चैत्रात तिनं खिचडीचा घास उजव्या हातात घेतला. अर्ध्यावर सांडला. पण घेतला! मी भावाला फोन करून सांगितलं, पावसाळ्यापर्यंत माय आपल्या हातानं जेवेल बघ.

मग आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. वडील गेल्यानंतरची पहिली आखाजी, म्हणजे त्यांच्या नावानं घागर भरायची. मातीची नवी घागर, तिच्यावर खरबूज, आंबा, पुरणाचे मांडे. भाऊ त्याच सकाळी पोचणार होता. घागर ठेवायची ती पाण्याच्या कट्ट्यावर, आणि त्या कट्ट्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर चढलेला, वर्षानुवर्षांचा. आदल्या दिवशी माय म्हणाली, कट्टा मी घासणार.

"मी घासते ना, तू बस."

"नाही. त्यांची घागर आहे. माझ्या हातानं होईल. उजव्या."

तिचा हात वाळला होता, मोजा सारखा निसटायचा. ती म्हणाली, "जरा बांधून दे गं." मी परकराची नाडी घेतली, मनगटावर दोन वेढे दिले आणि गाठ मारली. घट्ट. मला मांडे करायचे होते, पुरण गार होत होतं, घाई होती. बांधलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

खापर तापवून मांडा टाकत होते तेव्हा वास आला. फरशीच्या ॲसिडचा, नाकात जाणारा. मी तिथूनच ओरडले, "माय, ॲसिड घेतलंस का? हाताला लागेल!"

"मोजा आहे ना!" ती म्हणाली.

आणि मला ते पटलं. देवाशप्पथ पटलं. मोजा आहे, रबराचा आहे, मग काय होतंय? मी पुढचा मांडा हातावर घेतला. उठून दहा पावलं गेले असते तर! मांडा फाटला असता, तेवढंच.

तासाभरानं तिनं हाक मारली, "ये, बघ तर खरी." कट्टा खरोखर नव्यासारखा झाला होता, काळा दगड दिसत होता. माय भिंतीला टेकून बसली होती, समाधानानं. मी खाली बसून नाडी सोडायला लागले. गाठ भिजून आवळली होती, सुटेना, दातांनी सोडवली. जीभ चरचरली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोज्याच्या तोंडाशी नाडीखाली चुण्या पडल्या होत्या, त्यातून ॲसिड आत गेलं होतं आणि गाठीमुळे बाहेर आलं नव्हतं. मोजा ओढला तर त्याच्याबरोबर कातडी आली.

माय कट्ट्याकडे बघत होती. "झाला ना गं छान?" तिनं विचारलं.

पुढचं काय सांगू. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "माताजी को पता ही नहीं चला?" तिला साखरेचा त्रास होताच. जखम भरली नाही, वास मारू लागली. आधी दोन बोटं काढली, मग तो अंगठा काढला, जो होळीला हलला होता, आणि शेवटी हात मनगटापासूनच काढला. मी सही केली. तो हात परत आणायला मी मोजा घेतला होता. मी काही केलं नसतं, मोजा बाजारातच राहू दिला असता, तर लोंबता का होईना, हात असता.

पण हे सगळं नंतरचं. भाऊ आखाजीच्या सकाळी बसमधून उतरला तो थेट दवाखान्यात. पट्टी बघून, डॉक्टरांकडून मोज्याचं आणि नाडीचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाला, "ही बांधाबांध कुणी केली? लकव्याच्या हाताला कुणी असं करतं का?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"मीच घातला, मीच बांधला," माय खाटेवरून म्हणाली. "ही तर नको नको म्हणत होती. हिला काही बोलू नको."

मग तो तिलाच बोलला. या वयात कसला हट्ट, ऐकायचं नाही कुणाचं, आता भोग म्हणाला. माय मान खाली घालून ऐकत राहिली. एका हातानं गाठ कशी मारली, हे त्यानं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. अजून तो फोनवर तिला त्याच्यावरून रागावतो, आणि मी फोन तिच्या कानाला धरून बसते.