मरळीचा काठ

पत्रक लिहायला मला एका जुन्या कार्यकर्त्या बाईंनी शिकवलं. पहिली ओळ चावली पाहिजे. दुसरीत दोषी कोण ते आलं पाहिजे. तिसरी वाचून माणसाला लाज वाटली पाहिजे, आणि चौथी कोणी वाचत नाही म्हणून ती लिहायचीच नाही. या नियमावर मी चार वर्षं पत्रकं काढली. कापलेली झाडं, शाळेतले कोरडे नळ, फुटपाथवर चढलेल्या गाड्या. काही कामं झाली, काही नाही झाली. आणि याच नियमानं मी एक तळं जवळजवळ मारलं. तेही माझं स्वतःचं.

हातोदच्या रस्त्याला इंदूर शहर संपतं आणि गव्हाची शेतं लागतात, तिथे एका गावाच्या पाठीमागे हे तळं आहे. लहान आहे. या काठावरून हाक मारली की त्या काठावरचा माणूस मान वर करतो, इतकंच. वडिलांचे थोरले भाऊ, माझे काका, तिथे तीस-एक वर्षं मासे धरायला बसतात. शाळेत गणित शिकवलं, निवृत्त झाले. आमचं घराणं कधीकाळी संस्थानच्या फौजेतून इकडे आलं आणि इथलंच होऊन गेलं. भिंतीवर एक गंजलेली तलवार आहे. काका म्हणतात, आता घरात हत्यार म्हणून उरला तो गळ.

मी आठवीत असताना त्यांनी मला पहिल्यांदा सोबत नेलं. त्यांची बांबूची काठी, मासा ओढला की बुडून सांगणारी, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची दांडी, आणि डब्यात गांडुळं. माझ्याकडे आता रीलवाला रॉड आहे आणि रबराचा बेडूक आहे, ज्याच्या पोटाखाली गळ लपलेला असतो. काका त्याला खेळणं म्हणतात. पण मरळ धरायची तर हे खेळणं कामाचं आहे. मरळ म्हणजे इकडची सौल. लांबट, सापासारख्या डोक्याची, काठालगतच्या गवतात दबा धरून बसणारी. बेडूक गवतावरून फुदकत आणला की खालून पाणी फुटतं आणि हाताला असा हिसका बसतो की खांद्यापर्यंत कळतो. एक मासा घरी, बाकी परत पाण्यात, हा काकांचा कायदा. मोडायची कोणाची टाप नाही.

दुसरा कायदा सगळ्या काठाचा होता. पावसाळ्यात मरळ काठाच्या गवतात पिल्लं काढते. नखाएवढी, लालभडक, शेकड्यांनी. ती एकत्र गोळा होऊन फिरतात, श्वास घ्यायला वर येतात, आणि पाण्यावर कुंकू सांडल्यासारखं दिसतं. खाली आई-बाप पहारा देतात. अशा वेळी त्या गोळ्याजवळ गळ पडला की आई भूक नसतानाही झडप घालते. म्हणजे धरायला सगळ्यात सोपी मरळ तीच. बाहेरची काही पोरं तसं करतातही. आमच्या काठावर मात्र लाल गोळा दिसला की ज्याला दिसला त्यानं काठावर माजलेल्या बेशरमच्या झुडपाची फांदी तोडायची, तिला चिंधी बांधायची आणि तिथे काठात रोवायची. इथे घर आहे. पिल्लं पांगेपर्यंत त्या फांदीपासून दहा पावलांत कोणी दोर टाकत नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. गावाच्या नाक्यावर पंक्चरचं दुकान असलेला एक भिया, म्हणजे इकडच्या बोलीत भाऊ, आहे, तोही काकांच्या शेजारी बसतो. त्याच्या बापानं त्याला सांगितलं, त्यानं काकांना सांगितलं, एवढाच त्याचा कागद.

आता माझी करामत.

दिवाळीनंतर कोणीतरी तळ्याच्या पूर्वेच्या काठावर मलबा टाकायला सुरुवात केली. फुटलेल्या फरशा, सिमेंटचे ठोकळे, जुनी दारं. डंपर दिवसाढवळ्या यायचे. माझं डोकं फिरलं. मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी कृष्णपुऱ्याच्या बाजूच्या एका छापखान्यात नेऊन दिलं. पहिली ओळ होती: ‘यह तालाब नहीं, गटर है।’ पुढे सडकं पाणी लिहिलं, बेशरमचं जंगल लिहिलं, दुर्गंधी, साप, डास, सगळं लिहिलं. मलब्याचं चौथ्या ओळीत आलं. आणि चौथी ओळ कोणी वाचत नाही, हा माझाच नियम मला तेव्हा आठवायला हवा होता.

ही चूक इंदूरचाच माणूस करू शकतो. इतर गावांत घाण म्हणून ओरडलं तर वर्षभर कोणी फिरकत नाही. आमच्याकडे घाण हा शब्द ऐकला की सगळ्या शहराचे हात शिवशिवतात. स्वच्छतेचा आम्हाला गर्व आहे आणि तो खराही आहे. मी त्या गर्वालाच काडी लावली. पंधरा दिवसांत मलबा उचलला गेला. मी फोटो काढून सगळ्यांना पाठवला, मिठाई खाल्ली. उन्हाळा लागता लागता तळ्याजवळ एक फलक उभा राहिला. त्यावर रंगीत चित्र होतं: चारही बाजूंनी दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड, स्टीलचं रेलिंग, चालायचा ट्रॅक, मधोमध फवारा. चित्रात एकही झुडूप नव्हतं. खाली लिहिलं होतं, नागरिकांच्या मागणीवरून.

नागरिक म्हणजे मी.

भियानं मला दुकानावरून जाताना थांबवलं. हातातली ट्यूब पाण्याच्या टबात दाबत, बुडबुडे शोधत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “दीदी, आपने तो अपने ही तालाब की सुपारी दे दी।” मी म्हटलं, मी मलब्याविरुद्ध लिहिलं होतं. तो म्हणाला की त्याच्या बायकोनं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, त्यात मलबा त्याला तरी ऐकू आला नाही.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, भांडायची मला सवय आहे. त्यांनी चष्मा लावला, पत्रक हातात घेतलं आणि पेपर तपासतात तसं शेवटपर्यंत वाचलं. चौथी ओळसुद्धा. मग म्हणाले, “तू ज्या तळ्याबद्दल लिहिलंयस, तिथे मी कधी गेलो नाही गं.”

त्यांचा उजवा गुडघा गेलेला आहे. पश्चिमेच्या कच्च्या काठावर उतार मऊ आहे, तिथे ते काठीच्या आधारानं पाण्यापर्यंत उतरतात आणि एका सपाट मातीच्या ढेकळावर बसतात. दगडी पिचिंगवरून ते कधीच उतरू शकणार नाहीत. आणि दगडात मरळ घर करत नाही. हे दोन्ही मला त्या क्षणी एकदम समजलं.

मी महापालिकेच्या दफ्तरात गेले. इंजिनियर माझ्याच वयाचा होता, सभ्य होता, चहा मागवला. मी आवाज चढवायच्या तयारीत गेले होते, पण त्यानं फाईल उघडली आणि वर माझंच पत्रक टाचलेलं. काही ओळींखाली पेन्सिलनं रेघा. ‘यह तालाब नहीं, गटर है’ याखाली दोन रेघा. तो म्हणाला, “मॅडम, लिखा तो आपने ही है। अब आप ही कह रही हैं कि गलत है, तो वो भी लिख के दे दीजिए।”

त्याला वाटलं असेल ही बाई आता निघून जाईल. माझ्यासोबत पत्रकं वाटणाऱ्या आमच्या गटातल्या लोकांनाही तेच वाटत होतं. चूक छापून कबूल केली की पुढच्या पत्रकावर कोण विश्वास ठेवणार, असं त्यांचं म्हणणं. काम कर, पण आडून कर. एक मुलगा म्हणाला, शब्द बदल, ‘अपूर्ण जानकारी’ लिही. मी म्हटलं, अपूर्ण नव्हती, खोटी होती. दुर्गंधी कुठे होती? चिखलाचा वास असतो तळ्याला, तो असायचाच. साप मी कधी पाहिला? दोनदा, दोन्ही वेळा बिनविषारी, आणि दोन्ही वेळा तो मला घाबरून गेला.

दुसरं पत्रक मी काठावर बसून लिहिलं. जे दिसतं तेच लिहायचं ठरवलं. आणि हे इतकं अवघड निघालं की अर्ध्या पानाला तीन सकाळी लागल्या. पहिली ओळ: ‘इस तालाब के बारे में मैंने झूठ लिखा था।’ पुढे पश्चिमेचा काठ किती पावलांचा आहे, गवत कोणतं, मरळ कुठे पिल्लं काढते, फांदी का रोवतात, आणि कोण किती वर्षं बसतं. शेवटी मागणी एकच: तीन बाजू बांधा, पश्चिमेला हात लावू नका. ज्या ज्या घरी पहिलं पत्रक दिलं होतं त्या प्रत्येक घरी मी स्वतः गेले. एका काकूंनी दारातच वाचलं आणि म्हणाल्या, बरं झालं बाई, आम्ही तर त्या दिवसापासून मुलांना तिकडे पाठवणं बंद केलं होतं. हे ऐकून मी रस्त्याच्या कडेला जाऊन थोडा वेळ नुसती उभी राहिले. मग उरलेली घरं केली.

दफ्तरात प्रत दिली, पावती घेतली, दर आठवड्याला जाऊन विचारलं. श्रावणात इंजिनियर एकदाचा आला. सकाळी, टेप घेऊन, सोबत एक माणूस. त्याला अर्धा तास होता.

काका आधीच बसले होते. भिया दुकान बंद ठेवून आला होता. पश्चिमेच्या काठावर बेशरमच्या तीन फांद्या रोवलेल्या, त्यांच्या चिंध्या ओल्या होऊन लोंबत होत्या. मी भाषण पाठ करून आले होते. तोंड उघडलं तोच काका हलक्या आवाजात म्हणाले, “गप्प बस. तुझ्यामुळे ती वर यायची नाही.” आणि इंजिनियरला हातानं खुणावून शेजारी जागा दाखवली. तो आधी रुमाल अंथरून बसला, मग रुमाल घसरला तसा नुसता मातीवर बसला.

आम्ही पाचही जण पाण्याकडे बघत बसलो. मी माझ्या आयुष्यात इतकी गप्प कधी बसले नव्हते. दहा मिनिटं झाली. वीस झाली. इंजिनियरनं घड्याळ पाहिलं. सोबतच्या माणसानं टेप उघडला, बंद केला. माझ्या मनात आलं, नाही येणार, आणि मग माझ्याकडे फक्त कागद उरेल, आणि माझ्या कागदाची किंमत तर आता सगळ्यांना माहीत होती.

मग मधल्या फांदीपुढे पाणी थरथरलं. लाल गोळा वर आला. एकेक पिल्लू तोंड उघडून हवा घेत होतं, पाऊस उलटा पडावा तसं. आणि त्यांच्या खाली, हातभर खोल, काळी लांब सावली एका जागी तरंगत होती. हलली नाही.

इंजिनियर पुढे वाकला. मग काकांना विचारलं की ही तीच जागा दरवर्षी धरते का. काका म्हणाले, जोवर काठ आहे तोवर. त्यानं विचारलं, यावेळी धरून खाल्ली तर? भिया म्हणाला, “साब, फिर अपन को इधर कोई बैठने नी देगा। अपना काका ही नी देगा।” त्यावर काका हसले.

ड्रॉइंग बदलणं आपल्या हातात नाही, असं त्यानं जाताना स्पष्ट सांगितलं. पण पश्चिमेची बाजू दुसऱ्या टप्प्यात टाकता येईल, आणि तसं पत्र देईन. दुसरा टप्पा म्हणजे काय ते मला कळतं. तो कधी येत नाही, किंवा पाच वर्षांनी सगळे विसरलेले असताना येतो. मी पत्र घेतलं.

दसऱ्यानंतर पाणी उतरलं आणि काम सुरू झालं. पूर्वेला दगड लागले, दक्षिणेला लागले. एका रविवारी सकाळी मी आणि काका पोचलो तर चुन्याची पांढरी रेघ उत्तरेच्या कोपऱ्यावरून वळून पश्चिमेच्या काठावर वीसेक पावलं आत आलेली. काकांच्या ढेकळाच्या अगदी जवळ. दोन मजूर आणि ठेकेदाराचा एक माणूस पुढची रेघ मारायला चुन्याची टोपली घेऊन उभे होते.

मी रेघेवर बसले. मांडी घालून, चुना कपड्यांना लागू देत. पत्र समोर ठेवलं, वर दगड ठेवला. रॉड उचलला आणि रबराचा बेडूक गवताच्या कडेला टाकला.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “दीदी, उठो, लाइन पूरी करनी है।”

मी म्हटलं, “चिट्ठी पढ़ लो। मैं शाम तक हूँ।”

त्यानं पत्र वाचलं, फोन लावला, लांब जाऊन बोलला. त्याला बराच वेळ लागला. तोवर मी चार वेळा बेडूक टाकला आणि काहीच लागलं नाही. तो परत आला, माझ्याकडे न बघता मजुरांना काहीतरी म्हणाला, आणि त्यातला एक जण माझ्या पलीकडची रेघ पायानं पुसत कोपऱ्यापर्यंत गेला. जिथे मी बसले होते तेवढी राहिली. ती मी उठल्यावर स्वतः पुसली.

काका तोवर काठी टेकत उतरून आपल्या ढेकळावर बसले होते. मोरपिसाची दांडी पाण्यावर उभी होती. मी बेशरमची एक फांदी तोडली, ओढणीची कड फाडून तिला बांधली आणि रेघ आता जिथे थांबत होती त्या कोपऱ्यावर रोवली.

“आता कुठे पिल्लं आहेत?” काका म्हणाले.

“नाहीत. पण दहा पावलं सगळ्यांना माहीत आहेत.”

काकांनी डब्यातलं गांडूळ काढून माझ्याकडे धरलं, आणि ते खेळणं बाजूला ठेव म्हणाले.