तीनशे दहा पावलं

बरीच वर्षं झाली, तरी ऐनाचं झाड दिसलं की ती घटना आठवते. तेव्हा मी मुरबाड भागात एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो.

एका सकाळी एक म्हातारा खांद्यावर ठासणीची बंदूक टाकून ठाण्यात आला. धसई गावाच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. बंदूक पीक राखण्यासाठी परवान्याची.

"सायेब, काल सांजच्याला डुकरावर बार टाकला. माझा भाऊस पडला. मला आत घाल."

हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, असे आरोपी मिळाले तर आपल्याला काम काय उरणार?"

जागेवर गेलो. म्हाताऱ्याचा शेतातला राखणीचा माळा आणि भाऊ पडला तो बांध यांतलं अंतर मी स्वतः चालून मोजलं. तीनशे दहा पावलं. पंचनाम्यात लिहिलं, सही केली. गुन्हा कबूल, हत्यार जप्त, प्रकरण संपलं असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन होऊन प्रेत पाड्यावर गेलं. कोठडीचे गज धरून तो म्हणाला, "बेडी घाल, पण मातीला जाऊन येऊ दे. त्याला मीच वाढवलाय रं."

सोबत दोन शिपाई देऊन पाठवता आलं असतं. मी म्हणालो, "जमणार नाही."

त्यानंतर तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा अहवाल आला. जखम बारीक, आरपार. मी ताट घेऊन त्याच्यासमोर बसलो.

"बाबा, दारू किती भरली होतीस?"

"चार बोटं."

दारू ठासून झाल्यावर ठासायचा गज नळीबाहेर जितकी बोटं राहतो, ते त्यांचं माप.

"चार बोटांचा बार किती लांब लागतो?"

"पन्नास पावलं. नंतर गोळी गळतं."

"मग तीनशे पावलांवर कसा लागला?"

तो मान हलवून म्हणाला, "दुसरा बार आयकलाच नाय मी. माझाच झाला."

आयुष्यभर ती बंदूक वापरलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. दुःखापुढे त्याचं काही चालत नव्हतं. माझ्यावर तसलं कुठलंच दुःख नव्हतं. मी नुसता घाईत होतो.

त्याच दुपारी पुन्हा पाड्यावर गेलो. ओढ्यापलीकडे एक फार्महाऊस होतं. तिथं स्वयंपाक करणारी बाई म्हणाली, "पाव्हण्यांची पैज लागली व्हती. कुणाची बंदूक लांब मारतं त्याची. डोंगरातल्या धोंड्यावर नेम धरत व्हते."

एकाकडे तीनशे पंधरा बोअरची रायफल होती, दुसऱ्याकडे तीस-शून्य-सहा. दोघांना सपाट उडणारी गोळी कुणाची, वाऱ्यात कमी हलणारी कुणाची, एवढंच पाहायचं होतं. चुकलेली गोळी पुढे कुठे जाते, हे पाहायचं कुणालाच सुचलं नव्हतं. बांधामागच्या ऐनाच्या खोडात तांब्याच्या कवचाची गोळी सापडली. प्रयोगशाळेने ती तीनशे पंधराची ठरवली. दोन्ही पाहुण्यांवर गुन्हा दाखल झाला.

म्हाताऱ्याची सुटका झाली त्या दिवशी मीच त्याला जीपमधून नेलं. ऐनापाशी थांबवलं. त्याने खोडातल्या गोळीच्या भोकात करंगळी घालून पाहिली. ती शिरेना.

"माझी गोळी अंगठ्याएवढी हाय," तो म्हणाला. पुन्हा घालून पाहिली. "माझी नाय रं ही. माझी नाय." आणि खोडाला धरून इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

मी म्हणालो, "बाबा, माझं चुकलं."

"तुझं काय? मीच सांगितलं ना तुला."

त्याने सांगितलं, मी ऐकलं, हे खरं. पण ते अंतर पंचनाम्यात माझ्याच अक्षरात होतं. तेव्हापासून कबुली जितकी सहज मिळे, तितका मी पंचनामा जास्त वेळा वाचत असे. दुसऱ्यांदा वाचताना तो म्हाताराच डोळ्यांसमोर येई.

पाड्याखाली मसणवटीत पुरलेल्यांवरच्या ताज्या मातीचे तीन ढिगारे होते. तो एकापाशी थांबला, दुसऱ्यापाशी गेला, मग वाटेने मोळी घेऊन चाललेल्या बाईला त्याने हाक मारली.

"गो, माझा भाऊस यातला कुठला?"

मी टोपी काढून मागे उभा होतो.