आईच्या नावावरचं दुखणं

माझा स्वभाव लहानपणापासून संशयी. दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत कुणाचंही बोलणं मी कधी सरळ ऐकून घेतलेलं नाही. त्यामुळे त्या वर्षी आई-बाबांचं काहीतरी चाललंय, हे घरात आधी माझ्याच लक्षात आलं. अंदाज मात्र सगळे चुकले.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मराठवाड्यातून येऊन आम्ही तुर्भ्याजवळच्या एका जुन्या गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. बाबा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. मी मॅट्रिक होऊन वाशीला टायपिंग शिकत होते. दिवाळीच्या सुमारास बाबा बदलले. ड्यूटीवरून आले की बूटसुद्धा न काढता ओट्यावर बसून राहायचे. भरल्या ताटावरून उठायचे. कंपनीचा भोंगा वाजला की हातातला चहा हिंदकळायचा. एकदा आईबरोबर भाजी निवडताना त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ती मेथी होती, कांदा नव्हता.

मला आधी दारूचा संशय आला, मग दुसऱ्या बाईचा. घरमालकीण तिथलीच, मिठागरवाल्यांच्या घरातली. तिला करणीचा संशय आला. तिच्या आग्रहाखातर आई एका भगताकडे जाऊन आली. त्यानं कोंबडा मागितला. "कोंबडा खानार तो, आन् बरे होनार हे?" असं म्हणून आई परत फिरली. मुंबईच्या एका खासगी डॉक्टरची फी ऐकून तर ती दारातूनच वळली. नुसतं बोलायचे एवढे पैसे घेणारा माणूस तिला भगताचाच भाऊ वाटला.

त्यानंतर एक गुरुवार सोडून एक गुरुवार ती दोघं खाडीपुलावरून बसनं मुंबईच्या सरकारी दवाखान्यात जायला लागली. आईची तब्येत बरी नाही, एवढंच मला सांगितलं. आई तर दोन हंडे एकदम उचलत होती. कसली तब्येत? त्यात एके दिवशी मी पाहिलं, की आईसाठी आणलेल्या गोळ्या बाबा गिळतायत. माझ्या डोक्यात नको नको ते आलं. पुढच्या गुरुवारी मी हट्टानं त्यांच्याबरोबर गेले.

तिथं मानसिक आजारांच्या खिडकीवर आईनं स्वतःचं नाव सांगून केसपेपर काढला. आत त्या दिवशी नवीनच आलेल्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. पेशंटच्या स्टुलावर आई बसली, बाबा सोबत आल्यासारखे बाकावर. आई घडाघडा सांगायला लागली, "झोप लागत नाही. जेवन जात नाही. भोंगा वाजला की छातीत धडधडतं. वाटतं, ग्यासचा व्हॉल उघडा राहिला, आता सगळे मरनार."

"व्हॉल? तुम्ही कंपनीत आहात का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बाबा मान खाली घालून बसले. बाईंनी एकदा आईकडे, एकदा बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्या आईलाच पुढचे प्रश्न विचारत राहिल्या, फक्त बघत होत्या बाबांकडे. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, असं त्यांनी हळूच विचारलं, तेव्हा आईनं वळून बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान हलवली. होय अशी. आईनं भिंत धरली.

परतताना बसमध्ये आईनं मला सगळं सांगितलं. बाबांच्या खात्यातल्या एकाची अशीच ट्रीटमेंट चालू असल्याचं कंपनीत कळलं होतं. त्याला आधी मशीनवरून उतरवलं, मग घरी बसवलं. "माज्या नावावर असलं तर काय बिघडतंय? मला कोन कामावरून काढनार हाय?"

बाबांना हळूहळू उतार पडला. आईची बदनामी मात्र गावभर झाली. घरमालकीण मला अडवून विचारायची, "तुजे आयला काय झाला हाय गो? कोनचे दवाखान्यान नेतान तिला?" नळावरच्या बायका आई आली की बोलणं थांबवायच्या. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला तिचा अभिमान वाटायचा आणि बाबांचा राग यायचा.

वर्षभरानं मला एक स्थळ आलं. मुलाचे वडील बाबांच्याच कंपनीत, दुसऱ्या खात्यात. जयभीम झाला, चहा झाला. मग ते गृहस्थ म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. पण मुलीच्या आईचं काही डोक्याचं आहे, असं कानावर आलंय."

आई लगेच म्हणाली, "होतं थोडं. आता बरं हाय."

"तिला काही नाही," बाबा म्हणाले. त्यांनी कपबशी खाली ठेवली. "गोळ्या मी खातो. नाव तेवढं तिचं लावलंय."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि ते गेले. चार दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला. आई बाबांवर कडाडली, "तुमाला कोनी विचारलं होतं? आता तो कंपनीत सांगनार." बाबा रोज कामावर जात होते आणि आम्ही रोज त्यांना साहेबाचं बोलावणं येण्याची वाट बघत होतो.

एका रविवारी ते गृहस्थ एकटेच दारात उभे राहिले. आईनं त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. मी दाराआड उभी राहिले. काय वाईट बातमी आणलीय, याचाच विचार करत होते. चपलेकडे बघतच ते बाबांना म्हणाले, "तो दवाखाना... कोणत्या वारी असतो?"

"कोनासाठी?" आईनं विचारलं.

"घरवालीसाठी," ते म्हणाले. "तिला झोप लागत नाही."

आईनं त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. मीही पाहिली. मग ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिला.

"गुरुवारी. लवकर जा, रांग असते," ती म्हणाली. "आन् तुमीबी आत बसा त्यांच्यासंगं. भाईर थांबू नका."