फळं कोणाची

जुन्या भांडणांवर आमच्या शेजारच्या काकांइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या वेस्ट विंडसरमध्ये नसेल. भांडणं इथली नव्हेत, शेकडो वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधली. तिथल्या कोर्टात कोण काय बोललं, निकाल काय लागला, हे काही वकील बसून लिहून घ्यायचे. त्यांची चामडी बांधणीची जाडजूड पुस्तकं इथल्या एका जुन्या ग्रंथालयात आहेत. रिटायर झाल्यापासून काका ती हौसेने सांभाळायचे. त्या वकिलांविषयी बोलायचे ते शेजाऱ्यांविषयी बोलावं तसं. "हा कोर्टात डुलक्या काढायचा हो, अर्धा निकाल ह्याच्या मनचा." घरातही तोच नाद. काकूंनी खिचडीत काकडी घातली की कोर्टातल्यासारखं विचारायचे, "याआधी काय ठरलं होतं?" काकू म्हणायच्या, "याआधी तुम्ही गप्प खात होता. तेच चालू ठेवा."

मागच्या हिवाळ्यात ग्रंथालयाने ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर आहे, तर ही कपाटं दूरच्या गोदामात हलवायची. वाचक ज्या कपाटातलं पुस्तक मागतील, तेवढंच कपाट इथे राहील. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. ग्रंथालयात काम करणाऱ्याची स्वतःची मागणी धरत नसत, म्हणून ते माझ्याकडे आले.

"वहिनी, बुधवारी लायब्ररीत चला. वाचक म्हणून बसायचं."

"काका, मी चौथी शिकलेली. मला इंग्रजी कुठे येतं?"

"अर्धं तर जुन्या फ्रेंचमध्ये आहे. ते इथल्या प्रोफेसरांनाही येत नाही. तुम्ही बिनधास्त बसा."

बुधवारी गेले आणि हात धुऊन चारचौघांत बसले. पुस्तक मऊ उशीवर ठेवतात, तान्ह्या बाळासारखं. मी पानं उलटायची आणि काका हळू आवाजात गोष्ट सांगायचे. एकदा शेजाऱ्याच्या झाडाची फळं दुसऱ्याच्या अंगणात पडल्याचा खटला निघाला.

"मग फळं कोणाची?"

"पुढच्या बुधवारी," काका म्हणाले.

त्याच आठवड्यात काका-काकूंना त्यांच्या मुलीने दूर रेडमंडला आपल्याकडे राहायला नेलं. निघताना काका कुंपणाशी आले, म्हणाले, "कपाटाकडे बघाल ना?" मी मान हलवली.

बुधवारी सुनेने ऑफिसला जाताना मला ग्रंथालयात सोडलं. पुस्तक कसं मागायचं ते इंग्रजी वाक्य गाडीत घोकत गेले होते. काउंटरवरच्या बाईंनी मला पाहिलं आणि न विचारता उशी मांडली.

आता रविवारी काकांचा फोन येतो. पहिला प्रश्न, "आपलं कपाट आहे ना जागेवर?" आहे म्हटलं की खूश होऊन फळांचा निकाल सांगायला लागतात. मी घाईने म्हणते, "राहू द्या काका. पुढच्या बुधवारी."